ग्रंथाची मागची पानं

उटनूरजवळच्या आमच्या खेड्यात आषाढी पौर्णिमेला विहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने चालणारं, बुद्धचरित्राचं ग्रंथवाचन सुरू व्हायचं, आणि वाचायला बसायचे भिवाजी गुरुजी. रोज जिथून वाचायचं तिथं समासात ते आधी पेन्सिलीनं तारीख टाकत. भादव्यात सोयाबीन कापणीला आलं की विहार ओस पडायचा, ग्रंथ निम्म्यावर मिटायचा. पुढल्या वर्षी पुन्हा पहिलं पान. वीसेक वर्षांत अर्धा ग्रंथ तारखांनी काळा झाला, उरलेला दुकानातून आणला तसाच कोरा राहिला. 'थोर वाचक' म्हणून तालुक्याच्या मंडळ ऑफिसात गुरुजींना शालही मिळाली.

त्यांच्या बायकोला, सखूबाईला, अक्षर येत नव्हतं. पण ऐकायला ती कधी चुकली नाही. दरवर्षी म्हणायची, "अवो, मागल्या साली थांबलो तिथून वाचा न."

"वर्षावास पहिल्या पानापासूनच असते. तुले काय समजते वाचनातलं?"

त्या वर्षी आदिलाबादच्या डॉक्टरांनी सखूबाईला घरी न्यायला सांगितलं. पौर्णिमेच्या संध्याकाळी ती खाटेवरून म्हणाली, "आता काई माया भरोसा नाई. औंदा शेवटचं वाचा. पुढं काय झालं, ते ऐकून जाऊ द्या मले."

गुरुजींचे डोळे भरून आले. त्यांनी ग्रंथ मांडीवर घेतला.



पहिलं पान उघडलं, आणि समासातल्या जुन्या तारखांखाली आजची तारीख टाकली.