बापूंच्या खांद्याचा पडदा

रेवतीने बापूंच्या कातडीचा पडदा काचेच्या कपाटातून बाहेर काढला. गावातल्या प्रत्येकाचा असा एकेक नखाएवढा पडदा तिच्या प्रयोगशाळेत त्याच्याच कातडीच्या पेशींपासून वाढवून ठेवलेला असे. औषध आधी त्यातून पार होई, मगच माणसाला मिळे. बापूंची दुखण्यावरची पट्टी पडद्यावर तीनदा पास झाली होती. खांद्यावर मात्र तीनदा नापास.

"काकू, ह्यांच्या खांद्याला दुसरं काही लावता का?"

"छे गं, काही नाही," बापूंची बायको सिंधूकाकू म्हणाल्या.

"तेलबिल?"

"तेल काय लावण्यात धरायचं होय? ते रोजचंच! लग्न झाल्यापासून मीच चोळते."

रेवतीने कपाळाला हात लावला. तिने पडद्यावर तेलाचा थेंब टाकून पाहिला, तर औषध वरच अडकलं.

"काकू, आता तेल बंद."

काकूंचा चेहरा उतरला. बाकावरचे बापू मात्र ताडकन उठले.

"चल गं घरी. दुखतंय तेच बरं आहे."

रेवतीला हसू फुटलं. "बसा, बापू. औषध तेलातच घालून बघते."

तासाभराने ते पडद्यातून पार झालं, तेही चोळल्यावरच. बाटलीवर तिने लिहिलं : दिवसातून दोनदा, काकूंच्याच हाताने.