सुदृढ बालक

बाटली उलटी केली तरी दुधाचा थेंब पडेना, म्हणून पाळणाघराच्या प्रमिलाताईंनी झाकण उघडलं. आत बिस्किटांचा लगदा. बाळ पाच महिन्यांचं, पोटाचा नगारा झालेला आणि शी होऊन चार दिवस उलटलेले.

संध्याकाळी आई-बाबा न्यायला आले, तेव्हा ताईंनी बाटली त्यांच्या नाकासमोर धरली. "भिंतीची भेग बुजवायला दिलंय का हे?"

"काकू, रविवारी सोसायटीत सुदृढ बालक स्पर्धा आहे," आई म्हणाली. "दोनशे ग्रॅम कमी पडतायत. उद्यापासून केळंही कुस्करून घालते."

"पोर दिवसभर कळवळतंय आणि तुम्हाला ग्रॅम सुचतायत? चला डॉक्टरकडे!" ताई बाळाला कडेवर घेऊन पुढे निघाल्याच.

डॉक्टरांनी बाळाचं पोट चाचपलं, आई-बाबांना सणसणीत झापलं आणि औषध लिहून दिलं. "आत्ताच द्या. रात्रीपर्यंत पोट मोकळं होईल."

बाबांनी चिठ्ठीची घडी घातली. "डॉक्टर, सोमवारी दिलं तर चालेल? रविवारी वजन आहे."

ताईंनी चिठ्ठी हिसकावून घेतली. "रविवारी काट्यावर तुम्हीच बसा," त्या म्हणाल्या, "भरपूर साठलंय तुमच्यात."