बूड नसलेली ताटली

"बूड मिळालं नाही, तर रेघ तिथंच सोड, बेटा. अधुरं दिसलं तर दिसू दे. अधुरं म्हणजे झूठ नाही."

कमरजहाँ मॅडमचा हा आवाज चंद्रपूरच्या कॉलेजातला, जुना. खापरांची चित्रं काढायला ज्योत्स्नाला त्यांनीच शिकवलं. आज सावली गावाजवळच्या रिठावर, जुन्या उजाड वस्तीच्या जागी, खोदकामाच्या ताडपत्रीखाली, तो आवाज तिच्या कानाशी आला. तिनं तो ऐकला, आणि तरी कागदावरच्या ताटलीला बूड काढलं.

हाती होता तो काठाचा तुकडा, बोटाएवढा. तांबडा, लाखेसारखा चकचकीत. समुद्रापलीकडच्या रोमन मुलखातली ताटली, कुण्या व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून वैनगंगेपर्यंत आलेली. असा तुकडा काचेवर पालथा टेकवायचा, हळूहळू कलता करायचा. खालून उजेड दिसेनासा झाला, की समजायचं, भांड्याचा काठ असाच होता. मग वर्तुळांच्या कागदावर ठेवून तोंड किती रुंद ते बघायचं. ओठ खाली लोंबता असला तर ताटली आधीची. सरळ उभा राहिला तर पिढीभरानं नंतरची. हा उभा होता. एवढंच त्या तुकड्याला ठाऊक होतं. त्याखालचं सपाट पोट आणि गोल बैठक ज्योत्स्नाच्या पेन्सिलीनं आपल्या मनानं काढली होती.

"देवरावभाऊ आले वो बाई!" टोपल्यात खापरं धुता धुता बुधरी ओरडली. "या जी भाऊ, दोन हजार वर्साच्या ताटलीत जेवाले वाढू का?"

"वाढ ना. पण भाजी आजची पाह्यजे."

देवरावांनी, ज्योत्स्नाच्या सासऱ्यांनी, सायकल मोहाच्या झाडाला टेकवली. कॅरिअरला पळसाच्या पानांचा भारा बांधला होता. बुधरीचं हसू ओठातच राहिलं.

ज्योत्स्नानं भारा पाहिला. "पत्रावळी लावाले आणली का जी पानं, मामाजी?"

"नाई."

ज्याचा देह मिळत नाही, त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्या पुतळ्याला अग्नी देतात. पोळ्याच्या पुरात डोंगा उलटला. बरोबरचे पोहून काठाला लागले, ज्योत्स्नाचा नवरा पवन लागला नाही. आता पळस फुलून झडायला आला होता. भावकी म्हणायची, पुतळा करा, पोराला वाटेला लावा. ज्योत्स्ना म्हणायची, येतील ते. आणि देवराव भावकीला म्हणायचे, माझी सून थांबा म्हणते, त थांबा.

ते तिच्याजवळ पोत्यावर टेकले. कागदाकडे वाकून पाहू लागले.

"पुरी सापडली का ही?"

"नाई जी. एवढुसा काठच."

"मंग बूड?"

"असंन असं वाटलं."

"तुह्या कामात असं चालते?"

"नाई चालत."

देवरावांनी तुकडा तळहातावर घेतला. औषधाची गोळी घ्यावी तसा.

"एवढुशा तुकड्यावरून तुले अख्खी ताटली ओळखू येते."

"हो जी."

ताडपत्रीबाहेर बुधरीचे हात पाण्यात थांबले. बोलणं कुठल्या वाटेनं चाललंय, ते ज्योत्स्नाला कळलं. ती बुडाची रेघ पुन्हा गिरवू लागली.

पूर ओसरल्यावर ढिवरांनी जाळ्यात अडकलेली शर्टाची एक बाही आणून दाखवली होती. निळी, चिखलात लोळलेली. मनगटाशी दोन बटनं, एक पांढरं, एक काळं. काठावर सारं गाव उभं होतं. ज्योत्स्नानं बाही उलटी केली, सुलटी केली. एवढा वेळ तिनं कुठल्या खापरालाही दिला नव्हता. मग म्हणाली, "त्यायची नाई." देवराव तिच्या शेजारीच उभे होते. त्यांनी बाही हातात मागितलीसुद्धा नाही. ढिवरांनी ती नदीला परत देऊन टाकली.

"पोरी," देवराव म्हणाले, "करू का पुतळा? तुह्या हो शिवाय मी एक पान सोडणार नाई."

पेन्सिल कागदात रुतत होती.

"आन् ते आले त, मामाजी? आपण पुतळा जाळून बसलो, आन् ते दारात येऊन उभे राह्यले त? काय सांगू मी त्यायले? तुमाले जाळून टाकलं म्हनून?"

"ज्योत्स्ना..."

"मीच त नाई म्हटलं ना सगळ्यायसमोर! मंग येतीलच ना ते!"

पेन्सिलीचं टोक मोडलं. बुधरीनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि पाठ फिरवली.

देवरावांनी तांबडा तुकडा जपून कागदावर ठेवला. मग ते आपल्या बोटांकडे पाहू लागले, जाड, भेगाळलेल्या, सुईत दोरा मुश्किलीनंच ओवू शकणाऱ्या बोटांकडे.

"तू नाई म्हटलं, तवा मले लई बरं वाटलं होतं, पोरी," ते म्हणाले. "म्हनून मी बोललो नाई. त्या सकाळी पवनले घाई होती. बाहीले लावाले दुसरं पांढरं बटन काही सापडलं नाई. काळं मीच लावून देल्लं होतं."