उलटे माऊस

माझा कमलेश बोईसरच्या कंपनीत कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम चढवायचा. एकाचं काम झालं की त्याचा माऊस उलटा ठेवायचा. मी दुसरीपर्यंतच शिकले, पण ही खूण माझी. उन्हात घातलेली मांदेली मासळी एका बाजूने सुकली की मी उलटी करते, तेच त्याने उचललं.

तो वारल्यावर ती नोकरी सुनेला, दीपिकाला मिळाली. उद्यापर्यंत तीस कॉम्प्युटर झाले नाहीत तर ती नोकरीही जाणार. म्हणून रविवारी भर दुपारी घिवलीहून डबा घेऊन मीच गेले. हॉलमध्ये आम्ही दोघीच.

"आई, नऊच झाले. दहावा अडकलाय, अडकला तर काय करायचं ते यांनी शिकवलंच नाय."

"रडून सिस्टीम चढते काय? बस."

ती दहाव्यापाशी बसली. तेवढ्यात मागे टक वाजलं. पुन्हा टक.

"आई, मागं कोण हाय?"

मी वळले. खुर्च्या रिकाम्या होत्या. मागच्या रांगेतले माऊस एकेक करून उलटे होत होते.

मी त्या रिकाम्या खुर्च्यांना म्हटलं, "हळू कर रे. तिला शिकू दे."

आवाज थांबला. मग दीपिकाच्या तळव्याखालचा माऊस, तिचा हात घेऊन, सावकाश सरकू लागला.