तपासणी पूर्ण होईपर्यंत

"आजोबा, पुन्हा तुम्ही?" सरकारी कचेरीतल्या खिडकीपलीकडच्या कारकुनाने कपाळाला हात लावला.

"आठवड्याने या म्हणालात, आलो." वेलांटीकाकांनी अर्ज पुढे सरकवला. "आणि हा माझा नाही. या शेजारच्या ताईंचा."

जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, म्हणून गल्लीने त्यांना हे नाव दिलं होतं. पाटीवर एक वेलांटी चुकली तरी ते दुकानदाराला बाहेर बोलावून दाखवत. आता गल्लीतल्या अकरा घरांचे अर्ज तेच लिहीत होते, फुकट आणि बिनचूक.

अडीच महिन्यांपूर्वी कोणीतरी सरकारला कळवलं होतं, की गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानातून परदेशचे पैसे येतात आणि त्यातले काही दहशतवाद्यांना जातात. अधिकारी आले, दुकानाला सील ठोकून गेले. बँकेने तर गल्लीच्या पत्त्यावर बाहेरून येणारा प्रत्येक पैसा रोखला. एकेक नाव तपासत बसण्यापेक्षा सगळंच बंद करणं तिला स्वस्त पडत होतं. सुक्याबरोबर ओलंही जळालं.

ताई शिवणकाम करायच्या. नवरा परदेशात क्रेन चालवायचा. त्याचे पैसे अडकले आणि सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन लांबलं. एक डोळा आधीच गेला होता, दुसऱ्यानेही आता माणूस ओळखू येत नव्हता.

"एवढं तपासलंत, सापडलं का हो काही?" काकांनी विचारलं.

"काडीचंही नाही. पण तसं लिहून सही कोण करणार? उद्या कुठे स्फोट झाला तर? त्यात निवडणूक तोंडावर. मंत्रीसाहेब भाषणात सांगून बसलेत, आम्ही त्यांच्या नाड्या आवळल्या म्हणून."

"कोणाच्या?" ताईंनी विचारलं.

कारकून कागद चाळू लागला.

परतताना ताई म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणून धीर आहे, काका. तुमचेही पैसे अडकलेत, पण कधी तोंड वाकडं केलं नाहीत."

"मला एकट्याला किती लागतं? चला, पाय उचला. सात वाजत आले."

सातला मुलीचा फोन यायचा. नऊ वर्षं ती परदेशात नर्स होती. पूर्वी एक तारखेला तिचा निरोप यायचा, 'पाठवले.' एवढा एकच शब्द. काका तो महिनाभर उघडून बघत. आता ती रोज फोन करत होती आणि काका साडेसहापासून केस विंचरून बसत होते.

"बाबा, आले का पैसे?"

"नाही गं."

"मग भागवताय कसं? गोळ्या आहेत ना? खोटं बोलू नका हं."

आणि मग बोलणं लांबायचं. वॉर्डातल्या गमती निघायच्या, तिथल्या थंडीला शिव्या बसायच्या. एकदा ती चक्क रडली. आई गेल्यानंतर प्रथमच ती त्यांच्यापाशी रडली होती. त्या दिवशी फोन ठेवल्यावर काका खूप वेळ तिला लाडाच्या नावाने हाका मारत राहिले, रिकाम्या घरात.

पुढच्या आठवड्यात कारकून स्वतः खिडकीबाहेर आला. "सुटलात! झाली एकदाची सही. उद्या सगळ्यांचे पैसे जमा."

ताईंनी काकांचे दोन्ही हात धरले. "यात उधारी फिटून सासूबाईंच्या तपासण्या होतील," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्याचे आले की लगेच ऑपरेशन. डॉक्टर म्हणालेत, त्यापुढे एक दिवस थांबू नका."

दुसऱ्या दिवशी सातला फोन आला.

"बाबा, जमा झाले! जीव भांड्यात पडला माझा. आता रोजचा घोर नाही. एक तारखेला पाठवत जाईन, तसं कळवीन."

"बोल ना अजून थोडं."

"ड्यूटी आहे, बाबा. ठेवू?"

"ठेव."

नंतर आठवडाभर फोन वाजला नाही. आठव्या दिवशी काकांनी कोरा कागद घेतला, पहिली ओळ लिहिली आणि सवयीने दोनदा तपासली.

'माननीय महोदय, माझ्या मागील निनावी पत्राची आपण तातडीने दखल घेतलीत, त्याबद्दल आभारी आहे.'