आईने पास केलेली चित्रं

शुगरने आईची नजर नेली, तेव्हा साइनबोर्ड रंगवणारे बाबा हाताने बघायची चित्रं करायला लागले. फळीवर केसांना सुतळी, दाढीला पॉलिश पेपर आणि कोपऱ्यात वासाची छोटी पुरचुंडी. डोळस माणसांनी रंग बघावेत, आंधळ्यांनी बोटं फिरवावीत, आणि दोघांनी एकाच चित्रासमोर उभं राहावं, एवढाच त्यांचा हट्ट होता.

"तुझ्या आईने पास केल्याशिवाय एकही फळी भिंतीवर जाणार नाही," ते मला बजावायचे.

आईने बावीसच्या बावीस पास केल्या.

"तुझ्यासारखी मास्तरीण मला मिळाली असती ना, तर मीही पहिली आले असते," मी तिला चिडवायचे.

हल्ली तिच्या हातून चहाचे कप निसटायचे. दिसत नाही बिचारीला, असं म्हणून आम्ही काचा गोळा करायचो.

आज प्रदर्शनाचं उद्घाटन. तेविसावं चित्र खुद्द आईचं, केसांत गुलाब माळलेलं. हॉलमध्ये खिळे ठोकता ठोकता बाबांनी "हे तुझंच" म्हणत ते घाईघाईने तिच्या मांडीवर ठेवलं. गुलाबाचा वास येताच तिचा चेहरा उजळला. बोटं सावकाश फिरवत ती म्हणाली, "अगंबाई, गुलाबाची पाकळी न् पाकळी लागतेय हो! आणि नाक तर अगदी माझंच. पास!"

बाबांच्या हातातली हातोडी तशीच राहिली.



घाईत त्यांनी फळी पालथी ठेवली होती. आईची बोटं फळीच्या कोऱ्या, गुळगुळीत पाठीवरून फिरत होती.