उरलेल्या गोळ्या

पिशवीत आठ पूर्ण पाकिटं होती आणि नवव्यात चार गोळ्या. मुलीने दोनदा मोजलं. चौऱ्याऐंशी. आईची केमोच्या गोळ्यांची तिसरी फेरी काल संपली होती. एकही गोळी उरायला नको होती.

ती स्कॅनच्या खोलीबाहेर बसून पिशवीत पाण्याची बाटली शोधत होती. आई आत होती. वडील शेजारच्या खुर्चीत, हातात आईचा चष्मा आणि पायाशी तिच्या चपला.

“बाबा, ह्या एवढ्या कशा उरल्या?”

“उरणारच. डॉक्टरांना दाखवायलाच आणल्यात.” ते खुशीत होते. “पहिल्या फेरीत सकाळी एक, रात्री एक. दुसरीत दोन-दोन. आता तिसरीत पूर्ण, तीन-तीन. एकदा तरी उलटी झाली का विचार तिला. समोरच्या घरातल्या बाई पहिल्याच आठवड्यात आडव्या झाल्या होत्या. तुझी आई पाहुण्यांना पोचवायला फाटकापर्यंत जाते.”

“पण पहिल्या दिवसापासून तीन-तीन लिहिलं होतं ना?”

“लिहायला काय जातंय त्यांचं? गिळायच्या हिला होत्या.” मग ते जरा तिच्याकडे झुकले. “आणि ही काही माझी अक्कल नाही, शास्त्रज्ञबाई. तुमचीच.”

तिला कळलं नाही.

“मागे सुट्टीत आली होतीस, तेव्हा जेवताना नाही का सांगितलंस? तुमच्या त्या बाटल्यांमध्ये औषध एकदम ओतलं की सगळ्या पेशी मरतात. थोडं थोडं वाढवत नेलं की त्यांना सवय होते, मग कितीही घाला. म्हटलं, पेशींचे एवढे लाड, मग आपल्या माणसावर एकदम मारा कशाला?”

तिने तसं सांगितलं होतं. दोन वर्षं ती तेच करत होती. कर्करोगाच्या पेशींना औषधाची किंचित मात्रा द्यायची, वाचतील त्या वाढवायच्या, मग मात्रा चढवायची. असं करत करत शेवटी औषधाला न जुमानणाऱ्या पेशी हाती येतात. त्या मुद्दाम तयार कराव्या लागतात, म्हणजे औषध कुठे हरतं ते तपासता येतं.

‘सवय’ हा शब्द बरोबर नाही, हे तिला बोलतानाच माहीत होतं. लाखात चार-दोन पेशी आधीपासूनच चिवट असतात. कमी मात्रेत बाकीच्या मरतात, ह्यांना जागा मोकळी होते, आणि पुढची सगळी पिलावळ ह्यांचीच असते. पण ताटं वाढून झाली होती, आई जेवायला बसायची खोळंबली होती, आणि बाबा पहिल्यांदाच तिच्या कामाबद्दल काही विचारत होते. म्हणून तिने सोपं करून सांगितलं.

“बाबा, त्याने सवय आईला नाही होत.”

“मग कुणाला?”

दार उघडलं. आई दंड चोळत बाहेर आली. “काय गारठा आहे आत. मला वाटलं, खराब होऊ नये म्हणून फ्रीजमध्ये ठेवलंय की काय.” तिने चपला पायात सरकवल्या, चष्मा लावला आणि मुलीकडे पाहिलं. “हिला काय झालं? बघा हो, आजारी मी आणि वाळलीय ही.”

“तुझ्या गोळ्या मोजत होती,” वडील म्हणाले.

“मोजू दे. लहानपणापासून तीच खोड आहे.”

तासाभराने डॉक्टरांनी तिघांना आत बोलावलं. पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी होती, एक जुनं आणि एक आजचं. डॉक्टरांनी आधी आईला विचारलं, “जेवण जातंय का?” आई म्हणाली, “ह्यांच्यापेक्षा जास्त.” मग डॉक्टर वडिलांकडे वळल्या.

“गोळ्या सांगितल्याप्रमाणे घेतल्या ना?”

“अगदी वेळेवर. मुलगी ह्याच विषयात आहे आमची.”

डॉक्टरांनी मुलीकडे पाहिलं. ती गप्प राहिली असती तरी चाललं असतं. मग पुढचं औषध मात्र चुकीच्या माहितीवर ठरलं असतं. तिने पिशवी टेबलावर ठेवली.

“चौऱ्याऐंशी उरल्यात. पहिल्या फेरीत एक-एक, दुसरीत दोन-दोन. पूर्ण मात्रा फक्त तिसरीत.”

“असं कुणी सांगितलं?”

वडील कौतुकाने तिच्याकडे पाहत होते.

“मी,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी एक पाकीट उचललं, उलटंसुलटं केलं आणि खाली ठेवलं. पूर्ण मात्रेने तरी गाठ आटली असती का, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. प्रयोगशाळेत तुलनेसाठी एक बाटली वेगळी ठेवतात. आई एकच होती.

“काही चुकलं का?” आईने विचारलं.

डॉक्टर पडद्याकडे वळल्या आणि त्यांनी आकडे वाचले. यकृतातली गाठ, गोळ्या सुरू करण्यापूर्वी एकोणीस मिलिमीटर. आज चौतीस.